साखरेला पर्याय निवडताना

मधुमेहावर नियंत्रण मिळविण्यासाठी कर्बोदके कमी असलेला आहार स्वीकारणाऱ्या रुग्णांची पहिली पृच्छा बहुधा चहाविषयी असते : साखर सोडली, आता काय घालावे? परभणी जिल्ह्यातील अनेक घरांत यावर ‘गूळ’ असे उत्तर मिळते. म्हणून आम्ही प्रारंभीच नमूद करू इच्छितो की, गूळ हा साखरेला पर्याय नव्हे. १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम, तर तेवढ्याच मधात सुमारे ८० ग्रॅम कर्बोदके असतात. खडीसाखर ही तर साखरच होय.

खरे पर्याय प्रामुख्याने दोन प्रकारचे आहेत. सॅकरिन, अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज व स्टीव्हिया हे पदार्थ साखरेहून शेकडो पटींनी गोड असल्याने अत्यल्प प्रमाणात पुरतात. यांपैकी अ‍ॅस्पार्टेमची गोडी उष्णतेने नष्ट होते. ते चहा उतरविल्यानंतरच घालावे. फिनाइलकीटोन्युरिया हा आनुवंशिक विकार असलेल्यांनी ते पूर्णतः वर्ज्य करावे. दुसऱ्या प्रकारातील एरिथ्रिटॉलने रक्तशर्करा सहसा वाढत नाही. माल्टिटॉलने मात्र ती वाढते आणि अतिसेवनाने जुलाबही होतात.

वेष्टनावरील ‘शुगर-फ्री’ या शब्दांवर विसंबू नये. अशा बिस्किटांत मैदा असतोच आणि काही पुड्यांत माल्टोडेक्स्ट्रिन अथवा डेक्स्ट्रोज मिसळलेले असते. घटकांची यादी व एकूण कर्बोदकांचा आकडा अवश्य वाचावा. सणाच्या पुरणपोळीत गुळाऐवजी सुक्रालोज घातले, तरी हरभरा डाळ आणि कणीक यांतील कर्बोदके तशीच राहतात.

केवळ वजन घटविण्यासाठी ही द्रव्ये वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना तो लागू नाही. तथापि गोडाची ओढच हळूहळू कमी करणे सर्वांनाच हितावह ठरते.

सर्वांत महत्त्वाची सूचना पुढे देत आहोत. इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे चालू असताना भाकरी, पोळी व भात एकाएकी कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरू शकते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी साखरेचा पर्याय कुचकामी ठरतो. पाण्यातून तीन लहान चमचे ग्लुकोज, ते नसल्यास साखर, तत्काळ द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्यास तातडीने रुग्णालयात आणावे.

तेव्हा आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधांची मात्रा निश्चित करून घ्यावी आणि साखर सोडलेल्या घरातही ग्लुकोजची एक पुडी हाताशी ठेवावी, अशी आमची सर्व रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना आग्रहाची विनंती आहे.