तालमीतील थंडाई आणि डब्यातील भुकटी

कोल्हापूर-बेळगावकडच्या तालमींत मेहनत उरकली की मल्लासाठी थंडाई घोटली जाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी असे जिन्नस पाट्यावर वाटून दुधात मिसळीत. त्यात काय काय पडले, हे वाटणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असे. आजच्या व्यायामशाळेत जाणारा तरुण मेहनतीच्या आधी अर्धा तास एका रंगीत डब्यातील चमचाभर भुकटी पाण्यात घुसळून पितो. थोड्याच वेळात त्याचे कान गरम होतात, हातांना मुंग्या येतात, छाती धडधडू लागते. ‘औषध लागू पडले’ असे त्याला वाटते. या भुकटीत असते तरी काय, आणि अंगात जे जाणवते ती खरोखर शक्ती असते का, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

या मिश्रणातील मुख्य द्रव्य म्हणजे कॅफीन. चहा-कॉफीतील तरतरी देणारे हेच द्रव्य रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1819 साली कॉफीच्या बियांतून वेगळे केले. श्रमाबरोबर मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचा पदार्थ साठत जातो आणि ‘आता थांब’ असा निरोप देतो. कॅफीन त्या निरोपाची वाट अडविते. थकवा नाहीसा होत नाही, तो जाणवेनासा होतो. शरीराच्या दर किलो वजनामागे 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यास धावणे, सायकल चालविणे अशा श्रमांत थोडी सुधारणा होते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. परंतु मात्रेचा हिशेब विसरून चालत नाही. घरातील चहाच्या कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असते आणि डब्यातील एका चमच्यात पुष्कळदा 150 ते 300 मिलिग्रॅम. म्हणजे सहा-सात कप चहा एका घोटात! युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली निरोगी प्रौढांसाठी एका वेळी 200 आणि दिवसाला 400 मिलिग्रॅम ही निर्धोक मर्यादा सांगितली आहे.

दुसरी गोष्ट झोपेची. घेतलेले कॅफीन निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सातला 300 मिलिग्रॅम घेणाऱ्याच्या रक्तात मध्यरात्रीही त्याचा निम्मा अंश फिरत असतो. स्नायूंची डागडुजी झोपेत चांगली होते. तेव्हा अशा माणसाने व्यायामासाठी झोप गहाण टाकली, असेच म्हणावे लागेल.

मुंग्या कशाच्या? त्या बीटा-अलानीन या अमिनो आम्लाच्या. स्नायूंमध्ये त्यापासून कार्नोसीन तयार होते आणि तीव्र श्रमात वाढणारी आम्लता ते सौम्य करते. एक ते चार मिनिटांच्या जोरकस श्रमात त्याचा काहीसा लाभ होतो. पण त्यासाठी रोज 3 ते 6 ग्रॅम याप्रमाणे निदान चार आठवडे ते घ्यावे लागते. आज घेतले आणि आजच बळ आले, असे घडत नाही. मुंग्या येतात त्या त्वचेखालील मज्जातंतू चेतविले गेल्यामुळे. त्या निरुपद्रवी असून तासाभरात ओसरतात. तरुण ज्याला शक्तीची खूण समजतो, ती केवळ कातडीची खाज असते. चेहरा लाल होऊन गरम वाटणे हा प्रकारही बहुधा नायसिन या जीवनसत्त्वामुळे होतो. त्याचाही बळाशी संबंध नाही.

क्रिएटिनचे माहात्म्य अधिक खरे आहे. शेवरल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1832 साली ते मांसात शोधले. ग्रीक भाषेत मांसाला जो शब्द आहे त्यावरूनच त्याचे नाव पडले. वजन उचलणे किंवा वेगाने धावणे अशा काही सेकंदांच्या श्रमात स्नायूंना तत्काळ ऊर्जा पुरविण्याचे काम ते करते. शरीर स्वतःही ते बनविते. मात्र शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असल्याने त्याला फरक अधिक जाणवण्याचा संभव असतो. रोज 3 ते 5 ग्रॅम घेतल्यास काही आठवड्यांत साठा भरतो. व्यायामाच्या आधी घ्या की नंतर, विशेष फरक पडत नाही. निरोगी माणसाला या मात्रेने अपाय झाल्याचे दिसत नाही. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. रक्ततपासणीपूर्वीही सांगावे, कारण त्यामुळे क्रिएटिनीनचा आकडा वाढलेला दिसू शकतो.

सिट्रुलिन हे चौथे द्रव्य. 1914 साली जपानी संशोधकांना ते कलिंगडाच्या रसात सापडले. शरीरात त्यापासून आर्जिनीन आणि पुढे नायट्रिक ऑक्साइड बनते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. व्यायामानंतर स्नायू फुगल्यासारखे दिसतात त्याचे श्रेय याला दिले जाते. त्याने बळ वाढते काय, याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत.

येथवरची द्रव्ये माहितीची आहेत. खरी भीती आहे ती न सांगितलेल्यांची. काही डब्यांवर ‘विशेष मिश्रण’ एवढेच छापलेले असते. एकूण वजन दिलेले असते, प्रत्येक घटकाचे प्रमाण मात्र गुलदस्त्यात राहते. 2012 सालच्या लंडन मॅरेथॉनमध्ये एक तरुण स्त्री अखेरच्या मैलात कोसळली आणि मरण पावली. तिने पाण्यात मिसळलेल्या चूर्णात डीएमएए हे उत्तेजक द्रव्य होते. तिच्या मृत्यूला ते बहुधा कारणीभूत झाले, असा निष्कर्ष पुढील चौकशीत निघाला. एके काळी हेच द्रव्य चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी वापरीत. ते रक्तवाहिन्या आवळते आणि रक्तदाब वाढविते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 साली त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला तर ‘डब्यात काय होते ते ठाऊक नव्हते’ ही सबब उत्तेजक चाचणीत उपयोगी पडत नाही.

तेव्हा घेणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. ज्यावर प्रत्येक घटकाचे मिलिग्रॅम लिहिलेले नाहीत तो डबा घेऊ नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक पाहावा; मात्र तो गुणकारीपणाची हमी नव्हे, हेही लक्षात ठेवावे. कोरडी भुकटी तोंडात टाकू नये. ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि कॅफीनची सगळी मात्रा एकदम पोटात जाते. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि शाळकरी मुलांनी या वाटेला जाऊ नये. छातीत दुखले, धडधड थांबेना किंवा भोवळ आली, तर व्यायाम तेथेच सोडून डॉक्टरांकडे जावे.

बहुतेकांना व्यायामापूर्वी एक केळे, कपभर चहा आणि आदल्या रात्रीची पुरी झोप एवढे पुरेसे असते. थंडाईने मल्ल घडत नसत. ते घडत रोजच्या जोर-बैठकांनी, पोटभर अन्नाने आणि वेळेवरच्या विश्रांतीने. भुकटीच्या डब्यालाही हाच न्याय लागू आहे.