तीन अक्षरी शब्द, 645 अर्थ

'रन' म्हणजे धावणे, हे शाळकरी पोरही सांगेल. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. या कोशात 'रन' या एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले आहेत! धावफलकावरची रन हे नाम. तिचा हिशेब वेगळा.

एवढे अर्थ येतात कुठून? इंग्रजीत नदी रन होते, सर्दीत नाकही होतं. धुताना कपड्याचा रंग सुटला, तर तोही रन झाला. दुकान चालवणं रन, निवडणूक लढवणं रन, एसटी वेळेवर सुटणं रन. कारखाने आले, यंत्रं रन होऊ लागली. संगणक आले, प्रोग्राम रन होऊ लागले. शिवाय हा कोश इतिहास सांगणारा. वापरातून गेलेला अर्थही त्यातून काढत नाहीत, म्हणून आकडा फक्त वाढतच जातो.

पीटर गिलिव्हर या संपादकाला हा पसारा आवरायला नऊ महिने लागले. एकही सुट्टी घेतली नाही असं धरलं, तरी दिवसाला जेमतेम अडीच अर्थ!

त्याआधी मान 'सेट'चा होता. 1989च्या वीस खंडी आवृत्तीत या क्रियापदाचे 430 अर्थ होते आणि नोंद सुमारे 60,000 शब्दांची. मिनिटाला 200 शब्द वाचले, तर एका नोंदीला पाच तास! नव्या आवृत्तीचं काम 'एम'पासून सुरू झालं आणि 2000 साली 'मेक'ने सेटला मागे टाकलं, 2007मध्ये 'पुट'ने मेकला, 2011मध्ये 'रन'ने सगळ्यांना.

या कोशाला वेळ लागणं तसं नवं नाही. जेम्स मरे 1879 साली त्याच्या पहिल्या आवृत्तीचे संपादक झाले, तेव्हा काम दहा वर्षांत उरकेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी पहिला भाग निघाला, तो 'ए'पासून जेमतेम 'अँट'पर्यंत. कोश पुरा झाला 1928 साली. मरे 1915मध्येच गेले होते.

इंग्रजी शिकताना लांबलचक शब्दांची धास्ती घेऊ नका. त्यांना बहुधा एकदोनच अर्थ असतात. घाम फोडतात ते हे तीनचार अक्षरी. आपलं 'लागणे'ही काही कमी नाही: भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, वेड लागतं. कागद घेऊन बसा, वीसचा आकडा गाठायला वेळ लागणार नाही.