पायाची जीभ, पायाचा कान

आमच्या चिरनेरला १९३० साली जंगल सत्याग्रह झाला. तो अक्कादेवीचा डोंगर जवळच आहे. पावसाळ्यात आमच्या परसात पुष्कळ किडे येतात. त्यांतल्या दोघांची माहिती मी सांगतो.

पहिले फुलपाखरू निलवंत. २०१५ साली ते महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू झाले. पंख काळे आणि त्यावर निळा रंग. पंख पसरले की माझ्या वितीएवढे भरतात. दुसरा हिरवा नाकतोडा. साध्या नाकतोड्याच्या मिशा आखूड असतात, ह्याच्या अंगापेक्षा लांब. पंख अगदी पानासारखे. गुरुजींनी पुस्तकात दाखवला, तिथे त्याचे नाव केटिडिड होते.

निलवंत दिवसा उडतो, नाकतोडा रात्री फिरतो. निलवंत सोंडेने फुलातला रस पितो, नाकतोडा पाने कुरतडतो. निलवंताचे आधी अंडे, मग अळी, मग कोष, मग फुलपाखरू. नाकतोड्याला कोष नसतो. त्याचे पिल्लू कात टाकत टाकत मोठे होते.

पण खरी गंमत पायांत आहे. निलवंताची मादी लिंबाच्या पानावर पुढचे पाय आपटते. तिला पायाने चव कळते. पान बरोबर असले तरच ती अंडे घालते, कारण अळी तेच पान खाते. आणि नाकतोड्याचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याखाली असतात. नर पंखावर पंख घासून किर्रकिर्र करतो. मादी ते ऐकून त्याच्याकडे जाते.

हे मला आधी माहीत नव्हतं. भाद्रपदात मी एका मादीच्या पुढच्या पायाला दोरा बांधला. तिने ओढ घेतली आणि पाय तुटला. सगळे हसले, मीपण हसलो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी कानाचं सांगितलं. मी गप्पच बसलो.

माझ्या आजीला एका कानाने ऐकू येत नाही. मी तिला विचारलं, "आजी, एका कानाने कसं ऐकू येतं गं?" ती म्हणाली, "हाक ऐकू येते रे बाळा, पण कुठून आली ते कळत नाही. चहूकडं बघावं लागतं."

आता रात्री परसात किर्रकिर्र सुरू झाली की मला ती मादी आठवते. मुलांनो, किडे जरूर बघा, पण त्यांना दोरा बांधू नका.

– इयत्ता चौथी