शंभराची पावती

पहाटे 5. शिट्टी, टॉर्च, पावतीबुक. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत मी स्वच्छता निरीक्षक. आज गुडमॉर्निंग पथकात आम्ही तिघं. उघड्यावर बसलेला सापडला तर 500 रुपये. मागं काही ठिकाणी अशा लोकांना हार घालून फोटो काढत. मला ते कधीच पटलं नाही. दंड घ्यावा, अब्रू घेऊ नये. टॉर्च दिसताच एक म्हातारबा नाल्यावरून माघारी वळले. त्यांच्या घरी शौचालय आहे, अनुदानाचं. त्यात कुटार भरलंय.

7. हजेरी घेऊन बाजारातल्या नालीवर. गाळ कमी, खर्र्याच्या पन्न्याच जास्त. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचं, रबर लावून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी, प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2018 पासून; टपरीवरचं घोटणं मात्र उजाडताच सुरू. प्लास्टिकसाठी पहिल्या खेपेला 5,000 दंड, थुंकणाऱ्याला 100. मला विचाराल तर आधी टपरी धरावी. पण टपरीमागं कोणीतरी 'आपला माणूस' असतो.

11. बसस्थानकाबाहेर. शासन आदेशानं नगर परिषदेच्या हद्दीत थुंकलं तर 100, रस्त्यावर घाण केली तर 150, उघड्यावर लघवी केली तर 100. भिंतीपाशी उभा राहिलेला एक शेतकरी हटकला. पावतीबुक पाहून म्हणाला, "काहून फाडता जी पावती? मुतारी कोठी हाये, थे तर दाखवा."

दाखवली. आत गेला अन् नाकाला दुपट्टा लावून लगेच बाहेर आला. "थितं पाणी नाही ना, साहेब."

खरंच नव्हतं. नळाची तोटीही गायब. पावती फाडली नाही, पाणीपुरवठ्याला फोन केला. "उद्या पाहतो." बायांचं तर विचारूच नका, बाजाराला यायचं म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत.

दुपारी 3. कचेरीत चहा आणि ठरावांच्या गप्पा. पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं 2022 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली, 200 रुपये दंड ठेवला. नेवाशाकडच्या सौंदाळ्यानं 2024 मध्ये शिवी दिली तर 500 ठरवले. आपणही काही करू, असा सूर निघाला. करू की. ठरावाला हात वर करायला सभागृह भरतं, पहाटे नाल्यावर यायला तिघंच.

रात्री 8. मैदान. पिऊन गोंधळ घालणाऱ्यांना धरणं पोलिसांचं काम. दारूबंदी कायद्याचं कलम 85 त्यासाठीच आहे. शेजारचा वर्धा जिल्हा कागदावर कोरडा, आमच्याकडे दारूबंदीसाठी 'स्वामिनी' आंदोलनाच्या बायांनी किती मोर्चे काढले. आमच्या हाती दिवा तेवढा. गेल्या महिन्यात पूर्वेच्या कोपऱ्यात एक लावून घेतला. तिथल्या बाटल्या गेल्या, पश्चिमेच्या कोपऱ्यात वाढल्या. तिथंही मागितलाय.

9. रोजचा अहवाल. पावत्या किती, रक्कम किती, याचे रकाने आहेत. मुतारीत पाणी होतं का, याचा नाही. साहेब, तो रकाना आधी वाढवा. दंड मग खुशाल दुप्पट करा.