तांब्याभर पाण्यात दोन वेळचे दात

मागच्या वेळी आपण रात्री झोपताना दात घासण्याबद्दल बोललो. तेव्हा एका ताईंनी फोन करून विचारलं, "अहो, आमच्याकडे दोन दिवसांआड पाणी सुटतं. सकाळचंच जेमतेम भागतं, रात्रीसाठी आणखी कुठून आणायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज आम्ही सरळ हिशेबच मांडणार आहोत.

घरचा नळ पूर्ण सोडला की मिनिटाला साधारण ६ लिटर पाणी पडतं. तुमच्या नळाचं किती, ते बादली आणि घड्याळ घेऊन तुम्हीच मोजा. दात नीट घासायला २ मिनिटं लागतात. तोंडात फेस आणि नळ चालू, म्हणजे १२ लिटर मोरीत गेले. घरात पाच माणसं दोन्ही वेळा अशीच घासू लागली, तर रोजचे १२० लिटर! जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. पाच जणांचे होतात २७५.

आता तांब्या घ्या. ब्रश ओला करायला, चूळ भरायला आणि ब्रश धुवायला अर्धा लिटर पुरे होतं. पाच माणसांचं दोन्ही वेळचं मिळून ५ लिटर. विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायचो, तेव्हा आपण असंच करत होतो. दारात नळ आला आणि तांब्या मागे पडला. म्हणजे ताई, रात्रीचं पाणी नवीन आणायचंच नाही, सकाळच्या नळातून वाचवायचं.

दुसरं, खळखळून पाच-सहा चुळा भरायची गरजही नसते. फ्लोराइडची पेस्ट असेल तर ते दातांवर थोडा वेळ राहिलं पाहिजे, तरच कीड रोखतं. फेस थुंकून टाका, फार तर एक लहान चूळ भरा. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरते. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच लावा आणि ती गिळू देऊ नका. झोपेत लाळ कमी सुटते, अडकलेल्या अन्नावर जंतूंचं फावतं. म्हणून एक वेळ गडबडीत राहिलीच, तर ती रात्रीची नसावी.

राख, कोळसा, विटकरीची भुकटी मात्र नको. दाताचं वरचं कठीण आवरण त्यानं झिजतं, आणि ते परत येत नाही.

आता थोडं अवघड बोलू. आपल्यातल्या कितीतरी जणी मशेरी लावतात. "दात दुखायचा थांबतो, सकाळी पोट साफ होतं," असं म्हणतात. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यानं तोंडाचा कर्करोग होतो, आणि गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. सासूबाईंना एकदम "सोडा" म्हटलं तर राग येईल. दिवसात चार वेळा लावत असतील, तर आधी तीन वेळा करा, मग दोन. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, किंवा तोंड कमी उघडू लागलं, तर लगेच दवाखाना गाठा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत.

तर मैत्रिणींनो, आज रात्री मोरीत एक तांब्या भरून ठेवा. मुलं आपलं पाहूनच शिकतात.