मडगार्डाचे माप

वस्तू क्षुल्लक असली म्हणजे तिची निवडही सोपी असणार, असे आपण सहज धरून चालतो. सायकलीचे मडगार्ड ही अशीच एक वस्तू होय. चाकावर बसविलेली पत्र्याची वाकडी पट्टी, तिचे काम चिखल अडविण्याचे. तिच्याविषयी एवढा विचार तो काय करावयाचा, असे कोणासही वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. परंतु गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगाने आमचा हा समज दूर केला.

आमच्या शाळेतील नववीचा एक विद्यार्थी आपल्या आजोबांची जुनी, काळी, दांड्यांच्या ब्रेकची सायकल घेऊन शाळेस येत असे. पुढचे मडगार्ड गंजून फाटले, म्हणून त्याने बाजारातून नवे आणविले. चाक २८ इंची आणि मडगार्डावरही २८ हाच आकडा; तेव्हा शंकेस जागाच नव्हती. बसविताना मात्र त्याची टोके टायरला घासू लागली. आधाराच्या सळ्या ओढून, पत्रा वाकवून ते कसेबसे बसविण्यात आले. आठच दिवसांनी रस्त्यावरची एक काटकी टायरबरोबर वर गेली आणि चिमट्याखाली अडकली. पत्रा चुरगळला, चाक जागच्या जागी थांबले आणि मुलगा हँडलवरून पुढे फेकला गेला. सुदैवाने मनगट मुरगळण्यावरच निभावले; पण घरी सायकल भंगारात घालण्याची भाषा सुरू झाली.

“सर, आकडा तर तोच होता!” हे त्याचे उद्गार आमच्या मनात घोळत राहिले. आम्ही भाषेचे शिक्षक. शब्द एक आणि अर्थ दोन, हा प्रकार आम्हांस नित्याचा. आकड्यांचेही तसेच असते काय, हे पाहण्यासाठी आम्ही व वर्गातील काही मुले मोजपट्टी घेऊन त्या सायकलीपाशी बसलो. त्यातून जे उमगले, ते येथे सांगत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, २८ इंच हे रिमचे माप नव्हे. हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या कडेचा तो व्यास होय. आणि तोही विशिष्ट जाडीचा टायर गृहीत धरून ठरलेला. १९५१ साली सोनिपत येथे सुरू झालेल्या अ‍ॅटलास आणि १९५६ साली लुधियाना येथे सुरू झालेल्या हीरो या कारखान्यांनी ज्या काळ्या सायकली गावोगाव पोचविल्या, त्यांचा नेहमीचा टायर म्हणजे २८ गुणिले दीड. टायर रिमवर जेथे बसतो, तेथील व्यास ६३५ मिलिमीटर. त्यात दोन्ही बाजूंची दीड-दीड इंच, म्हणजे ३८-३८ मिलिमीटर जाडी मिळविली की बेरीज ७११ होते. आणि ७११ मिलिमीटर म्हणजेच २८ इंच.

आता नव्या धाटणीच्या सायकली पाहा. त्यांतील पुष्कळांच्या चाकांनाही २८ इंचीच म्हणतात. पण तेथे टायर बसण्याचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो. मुळात हे नाव जाड टायर धरून पडले होते. पुढे टायर सडपातळ झाले, नाव मात्र तसेच राहिले. ३२ मिलिमीटरचा टायर घातला तर बाहेरचा व्यास ६२२ अधिक ६४, म्हणजे ६८६ मिलिमीटर भरतो. हा व्यास जुन्या चाकाहून २५ मिलिमीटरने, म्हणजे त्रिज्या साडेबारा मिलिमीटरने कमी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असाच हा प्रकार! टायर आणि मडगार्ड यांमध्ये जेवढे अंतर हवे, जवळजवळ तेवढेच या फरकात खर्ची पडते. आमच्या विद्यार्थ्याचे मडगार्ड नेमके अशा सडपातळ टायरसाठी घडविलेले होते.

२६ इंची चाकांत याच्या उलट फसगत होते. जुन्या सायकलींच्या टायरवर २६ गुणिले १ ३/८ असे लिहिलेले असते. तेथे टायर बसण्याचा व्यास ५९० मिलिमीटर असतो. डोंगरी धाटणीच्या नव्या सायकलींत तोच व्यास ५५९ असून टायर ५० मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो. दोहोंचा बाहेरचा व्यास ६६० मिलिमीटरच्या आसपासच येतो. म्हणजे येथे गोलाई जुळते, परंतु रुंदी जुळत नाही. नवे रुंद मडगार्ड जुन्या सायकलीच्या चिमट्यात शिरतच नाही.

तात्पर्य, नावावर विसंबू नये; तीन मापे स्वतः घ्यावीत. पहिले माप गोलाईचे. टायरमध्ये पुरेशी हवा भरावी, टायरवर खडूची खूण करावी आणि चाक सरळ रेषेत एक फेरा चालवावे. जुन्या २८ इंची चाकाचा हा परीघ सुमारे २२३ सेंटिमीटर भरतो. त्यास २२/७ ने भागले की व्यास आणि त्याचे निम्मे केले की त्रिज्या मिळते. तीत १२ मिलिमीटर मिळवावेत. आमच्या हिशेबात ही बेरीज ३६७ ते ३६८ मिलिमीटर झाली. तेवढ्या लांबीची दोरी घेऊन पुठ्ठ्यावर कंस काढावा व तो कापून दुकानात न्यावा. ज्या मडगार्डाची आतली बाजू या कंसाशी बळजबरीवाचून जुळेल, ते आपले.

दुसरे माप रुंदीचे. मडगार्ड टायरहून सुमारे १० मिलिमीटर रुंद असावे. ४० मिलिमीटरच्या टायरला ५० चे. त्याहून अरुंद असल्यास पाणी दोन्ही बाजूंनी उडते. पण फार रुंद घेऊनही चालत नाही. कारण दांड्यांच्या ब्रेकमध्ये घोड्याच्या नालासारखा लोखंडी तुकडा मडगार्डावरून दोन्ही बाजूंस उतरतो. मडगार्ड त्याच्या आत मोकळे राहिले पाहिजे, नाहीतर ब्रेक अडखळतो.

तिसरे माप मोकळ्या अंतराचे. टायर व मडगार्ड यांमधून करंगळी सहज फिरावी. पुढे जाताना चाकाची मागची बाजू वर चढत असते; म्हणून खडा वा काटकी मडगार्डाच्या मागच्या, खालच्या टोकाकडून आत शिरते आणि पुढून बाहेर पडते. आत शिरण्याची वाट रुंद व चिमट्याखालची अरुंद असेल, तर शिरलेली वस्तू अडकणारच. अंतर सर्वत्र सारखे असावे, अगर पुढे थोडे वाढत जावे. आमच्याकडच्या तांबड्या चिखलात तर हे अंतर अत्यावश्यकच. थोडक्या जागेत चिखल साचतो आणि चाक जड होते.

मागचे टोक चाकाच्या आसाच्या बरेच खाली यावे, म्हणजे पाय आणि साखळी कोरडी राहते. सळ्यांचे पेच घट्ट असावेत. परंतु मडगार्ड ओढून-ताणून जागेवर आणण्याचे काम सळ्यांकडे देऊ नये. सळ्यांनी आधार द्यावा; आकार पत्र्याचा स्वतःचाच असावा.

आमच्या विद्यार्थ्याने पुठ्ठ्याचा कंस घेऊन चार दुकाने पालथी घातली. शेवटी एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलेले पोलादी मडगार्ड त्याच्या कंसाशी तंतोतंत जुळले. त्याची किंमत नव्याहून कमीच होती. ते बसवून झाल्यावर आजोबांनी चाक उचलून फिरविले आणि कान लावून ऐकले. कोठेही घासण्याचा आवाज नव्हता. सायकल भंगारात गेली नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, आणि ती शाळेच्या फाटकातून नेहमीप्रमाणे आत आली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी जुनी सायकल भिंतीला टेकून उभी असेल. तिचा एखादा भाग बदलावयाचा झाल्यास बाजारात जाण्यापूर्वी दोरी, खडू आणि मोजपट्टी घेऊन तिच्यापाशी बसा. आकड्याने सांगितलेले माप आणि हाताने घेतलेले माप जुळत नसेल, तर हाताने घेतलेलेच खरे मानावे.