टुंग वाजलं का?

लेखमाला : हाती कॅमेरा – लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण अंधाऱ्या जागी फ्लॅश न वापरता फोटो कसे घ्यायचे ते पाहिलं. त्यासाठी मी अष्टूरला गेलो होतो. बीदरपासून पूर्वेला तीनेक किलोमीटरवर बहमनी सुलतानांच्या घुमटांची रांग उभी आहे. त्यातला अहमदशाह वलीचा घुमट आतून वरपर्यंत रंगवलेला आहे, सोनेरी अक्षरांनी भरलेला आहे, आणि आत उजेड जवळपास नाहीच. राखणदारानं दारात उभं राहून आरशानं ऊन आत फिरवलं आणि त्या हलत्या कवडशात मी चाळीसेक फोटो घेतले. हा सुलतान १४३६ साली वारला. मुसलमान त्याला वली मानतात, हिंदू अल्लमप्रभू म्हणून हात जोडतात, आणि उरुसाला दोघंही येतात. अशा जागेचे फोटो हाती लागले की ते कधी एकदा मोठ्या पडद्यावर बघतो असं होतं.

संध्याकाळी भालकीला पाव्हण्यांच्या घरी मुक्काम होता. त्यांच्याकडे एक जुना संगणक आहे, अजून विंडोज एक्सपीवर चालणारा. घरातली कॉलेजात शिकणारी मुलगी उत्साहानं पुढे झाली. टेबलाच्या खणातून केबल काढली, एक टोक कॅमेऱ्यात, एक संगणकात. काही नाही. काढून पुन्हा लावली. तरी काही नाही.

"काका, कॅमेरा गेला की काय बघा की."

कॅमेरा गेला नव्हता, आणि बहुतेक वेळा जात नाहीच. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद इथल्या स्टुडिओवाल्यांना विचारा, हीच तक्रार घेऊन लोक येतात. दुरुस्तीला म्हणून कॅमेरा आणतात आणि वीस मिनिटांत परत घेऊन जातात. या लेखांकात मी तेवढंच सांगणार आहे : कॅमेरा आणि संगणक यांच्यामध्ये नेमकं काय घडतं, आणि ते कुठे अडतं हे कसं ओळखायचं.

पहिला प्रश्न एकच. केबल लावल्यावर संगणकातून "टुंग" असा आवाज आला का? स्पीकर चालू ठेवूनच हे बघायचं. आवाज आला असेल तर शोध एका बाजूला जातो, आला नसेल तर दुसऱ्या. हा एक प्रश्न सोडून लोक थेट सॉफ्टवेअर शोधायला लागतात आणि रात्र घालवतात.

तो आवाज का येतो ते समजून घेऊ. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. एक पाच व्होल्टची वीज आणते, एक ती परत नेते, आणि उरलेल्या दोन माहितीची ने-आण करतात. चालू कॅमेरा संगणकाला जोडला की तो या दोन तारांपैकी एकीवर थोडा दाब चढवतो. संगणकाला तेवढ्यावरून कळतं की दारात कुणीतरी आलं आहे. मग तो विचारतो, तू कोण? कॅमेरा उत्तरादाखल दोन क्रमांक देतो. एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या मॉडेलचा. कॅननचा कंपनी-क्रमांक ०४ए९, निकॉनचा ०४बी०. एवढी ओळख पटली की टुंग वाजतं. १९९६ च्या जानेवारीत यूएसबीची पहिली आवृत्ती आली ती सात कंपन्यांनी मिळून केलेली होती. त्यातल्या इंटेलच्या बाजूनं काम करणारे अजय भट्ट बडोद्यात शिकलेले, ही मला आवर्जून सांगावीशी वाटणारी गोष्ट. त्याआधी प्रत्येक यंत्राला वेगळं भोक, वेगळी केबल, आणि जोडल्यावर संगणक बंद करून पुन्हा चालू करणं असा सगळा प्रकार असे.

भालकीत टुंग वाजलं नव्हतं. म्हणजे ओळखीपर्यंतही गोष्ट पोचली नव्हती. अशा वेळी संशय घ्यायचा तो आधी केबलवर. स्पीकर, टॉर्च, पॉवर बँक यांच्यासोबत येणाऱ्या कितीतरी केबलींत चारपैकी दोनच तारा असतात, फक्त विजेच्या. बाहेरून त्या अगदी डाटा केबलसारख्याच दिसतात. कॅमेऱ्यात घट्ट बसतात. पण बोलण्याच्या तारा आतमध्ये नाहीतच, तर बोलणं होणार कसं? खणातली ती केबल ब्लूटूथ स्पीकरची निघाली.

केबल तपासायची सोपी रीत आहे. मायक्रो यूएसबी किंवा टाइप-सी असेल तर त्याच केबलनं मोबाइल संगणकाला जोडून बघा. मोबाइलवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर केबल चांगली. नुसतं चार्जिंग चालू झालं तर ती बाजूला ठेवा, आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून "फक्त चार्जिंग" असं लिहा, नाहीतर पुढच्या वेळी तीच हातात येते. कॅननच्या १३००डी, १५००डी यांसारख्या कॅमेऱ्यांना मात्र मिनी यूएसबी लागते, ती आता मोबाइलला कुठे बसत नाही. जुनी बाहेरची हार्ड डिस्क घरात असेल तर तिची केबल बऱ्याचदा मिनीच असते, आणि ती पूर्ण चार तारांची असणारच, कारण हार्ड डिस्कचं कामच माहिती देण्याचं. निकॉनच्या बऱ्याच कूलपिक्स कॅमेऱ्यांची केबल आठ पिनांची, वेगळ्याच घाटाची असते. तिथे दुसरी कुठलीही जोर लावून घुसवू नका.

केबल ठीक असूनही आवाज नाही? मग कॅमेरा खरंच चालू आहे का बघा. तो मध्येच झोपी जातो. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूची भोकं आतून लांब तारेनं जोडलेली असतात, ती सैल पडतात. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर असलेल्या भोकात केबल लावून बघा. मध्ये हब असेल तर काढा.

आणि धूळ. बीदरच्या जांभ्याची लाल माती, कलबुर्गीकडे तुरीच्या खळ्यावरचा भुसा, हे दोन्ही कॅमेऱ्याच्या रबरी झाकणाखाली जाऊन बसतात. बॅटरी काढून ठेवायची आणि रबरी फुग्याच्या ब्लोअरनं हवा मारायची. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. सुई, टाचणी तर नकोच.

कॅननवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. वाय-फाय असलेल्या कॅननच्या अनेक मॉडेलांत मेन्यूमध्ये वाय-फाय चालू असेल तर केबलची जोडणी बंद राहते. लग्नात मोबाइलवर फोटो पाठवायला वाय-फाय चालू केलेलं असतं, रात्री ते तसंच राहतं. आधी ते बंद करा, मग केबल.

आता भालकीकडे. केबल चालत नाही म्हटल्यावर मुलीनं कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि जुन्या कार्ड रीडरमध्ये घातलं. पडद्यावर चौकट आली : डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, आता फॉर्मॅट करायची का? तिचा हात माऊसवर होता. मी तो धरला.

या चौकटीला कधीही "हो" म्हणू नका. हे मी इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आळंद तालुक्यातल्या एका लग्नात माझ्यासमोर हीच चौकट आली होती आणि मी "हो" म्हटलं होतं. वाटलं, संगणक सांगतोय तर करायला हवं. नवरीची आजी कधी फोटोला उभी राहत नसे. हळद लावताना मात्र तिचा एक फोटो मिळाला होता. तो त्या कार्डावर होता. फॉर्मॅटनं फोटो लगेच पुसले जात नाहीत, फक्त कुठला फोटो कुठे आहे त्याची यादी जाते, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच कार्डावर मी दुसऱ्या दिवशी वरातीचे फोटो घेतले, आणि जुन्यांच्या जागेवर नवे बसले. फॉर्मॅट चुकून झालंच तर कार्ड तिथल्या तिथे बाहेर काढा, त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते त्या यादीशिवायच फोटो शोधून काढतं. आजीचा फोटो त्यानं बहुतेक वाचला असता.

पण कॅमेऱ्यात नीट दिसणारं कार्ड संगणकाला कोरं का वाटावं? कारण कार्डावर माहिती मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. २ जीबीपर्यंतची साधी एसडी कार्डं, त्यापुढे ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी, आणि त्याहून मोठी एसडीएक्ससी. या शेवटच्या प्रकारावर एक्सफॅट नावाची मांडणी असते. ती २००६ साली आली. एक्सपी त्याआधीचा, २००१ चा. वेगळी भर घातल्याशिवाय त्याला ती वाचता येत नाही. न वाचता आलेली पाटी त्याला कोरी वाटते, आणि तो प्रामाणिकपणे विचारतो की ही पुसून नव्यानं आखू का. माझं कार्ड ६४ जीबीचं होतं.

शेवटी घरातल्या जुन्या हार्ड डिस्कची केबल सापडली. ती लावली आणि टुंग वाजलं. मुलगी माय कॉम्प्युटर उघडून एफ ड्राइव्ह, जी ड्राइव्ह शोधू लागली. ड्राइव्ह कुठेच नव्हता. "आवाज तर आला, पण आलं कुठे?"

इथे दुसरा गुंता आहे, आणि तो समजायला आपल्या मुलखातल्या माणसाला जड जाऊ नये. हुमनाबादच्या बाजारात गिऱ्हाइकाच्या तोंडून पहिला शब्द कोणत्या भाषेत येतो ते ऐकून दुकानदार कन्नड, मराठी की दखनी ते ठरवतो. कॅमेरा आणि संगणकही ओळख पटल्यावर भाषा ठरवतात. एक भाषा मास स्टोरेजची. तिच्यात कॅमेरा आपलं कार्ड संगणकाच्या ताब्यात देतो, आणि ते पेन ड्राइव्हसारखं, ड्राइव्हचं अक्षर घेऊन दिसतं. दुसरी पीटीपी, जी २००० साली ठरली, आणि तिचाच विस्तार असलेली एमटीपी. इथे कार्ड कॅमेऱ्याच्याच हातात राहतं. संगणक मागेल तो फोटो कॅमेरा काढून देतो. म्हणून ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही. कॅमेरा आपल्या नावानं, छोट्या चित्रासह, खाली वेगळा दिसतो : एक्सपीत स्कॅनर आणि कॅमेरे या मथळ्याखाली, नव्या विंडोजमध्ये धिस पीसीत. कॅननचे ईओएस कॅमेरे याच भाषेत बोलतात. सोनीच्या मेन्यूत यूएसबी कनेक्शन म्हणून पर्याय असतो, त्यात पीसी रिमोट निवडलेलं असेल तर फोटो दिसत नाहीत. तिथे मास स्टोरेज करा. विंडोजच्या नावापुढे एन असेल तर त्या आवृत्तीत एमटीपी मुळात नसते, मीडिया फीचर पॅक टाकावा लागतो. मॅकवर फाइंडरमध्ये शोधू नका, इमेज कॅप्चर उघडा.

मला मात्र त्या रात्री सगळ्यात सुंदर वाटली ती पुढची गोष्ट. रीडरमध्ये कोरं ठरलेलं तेच ६४ जीबीचं कार्ड, केबलवरून त्याच एक्सपीला बिनतक्रार दिसलं. कारण आता कार्ड वाचत होता कॅमेरा. एक्सफॅट त्याला येतं. संगणकाला फक्त आयता फोटो हवा होता. फॉर्मॅटची चौकट आलीच नाही.

एक एक करून चाळीस फोटो उतरले. घुमटाच्या आतला निळा, त्यावरची सोनेरी अक्षरं, एका कोपऱ्यात ओलीनं फुगलेला गिलावा. गुलाम यझदानी यांचा बीदरवरचा ग्रंथ १९४७ साली छापला गेला. त्यातली छायाचित्रं समोर ठेवली की कुठला भाग तेव्हा कसा होता ते ताडता येतं. आपल्या गावागावांत आज कितीतरी जणांकडे अशा भिंतींचे, शिलालेखांचे, जत्रांचे फोटो कार्डांवर पडून आहेत. "कॅमेरा लागत नाही" म्हणून ते तिथेच राहिले आहेत. ते उतरवून घ्या.

मुलीनं फोटो बघता बघता विचारलं, "काका, या सगळ्यांची नावं आयएमजी आणि पुढे नुसता आकडा. वर्षानं यातला अष्टूरचा कुठला ते कसं कळणार?"

तो पुढच्या आठवड्याचा विषय.